मामा, मला पॅचबे घ्यायचाय

माझा मामा तीस वर्षं मुंबईतल्या रेकॉर्डिंग स्टुडिओंमध्ये मेन्टेनन्सला होता. रेकॉर्डिस्ट काचेमागे बसायचा आणि मामा त्याच्याही मागे, रॅकच्या पाठीशी, हातात सोल्डरिंग आयर्न आणि दातांत टॉर्च धरून. अशा माणसाला मी पॅचबे घेते म्हटल्यावर आनंद होईल अशी माझी समजूत होती. त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "कशाला?"

त्या 'कशाला'वर आमचे तीन रविवार गेले. घरी स्टुडिओ थाटणाऱ्या प्रत्येकापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतो, म्हणून ते बोलणं इथे मांडते आहे.

आधी माझा पसारा सांगते. डोंबिवलीच्या फ्लॅटमधली दहा बाय अकराची खोली. आठ लाइन इनपुट आणि आठ लाइन आउटपुट असलेला इंटरफेस, दोन चॅनेलचा प्रीअँप, दोन चॅनेलचा कॉम्प्रेसर, एक जुना डिजिटल रिव्हर्ब, कीबोर्ड, चौघांपुरता हेडफोन अँप आणि इलेक्ट्रॉनिक तानपुरा व तबला अशा दोन पेट्या. जोडायची सगळी भोकं मागच्या बाजूला, भिंतीकडे. काही बदलायचं तर टेबलाखाली शिरायचं, मोबाइलच्या उजेडात तार शोधायची, चुकीची उपटायची, परत लावायची.

गेल्या महिन्यात एक गायिका आली होती. पांढरी पाचमध्ये गाते. मध्य सप्तकात अगदी मऊ आणि तार सप्तकात गेली की आवाज एकदम उसळतो. तिसऱ्या टेकला वाटलं, प्रीअँपच्या पुढे कॉम्प्रेसर लावूनच रेकॉर्ड करावं. टेबलाखाली शिरले. बाहेर आले तेव्हा वीस मिनिटं गेली होती, ती गॅलरीत फोनवर बोलत होती आणि खोलीत तानपुरा एकटाच वाजत होता. पुढचे टेक बरे झाले. आधीच्या दोहोंत जे होतं ते परत आलं नाही.

मामा : कॉम्प्रेसर आत्ता कसा जोडलाय?

मी : इंटरफेसच्या आउटपुट तीन-चारमधून कॉम्प्रेसरमध्ये, तिथून परत इनपुट पाच-सहामध्ये. मिक्सिंगच्या वेळी सोयीचं पडतं.

मामा : मग टेबलाखाली शिरलीस कशाला? इंटरफेसबरोबर कॉम्प्युटरवर जो मिक्सर येतो, त्यात इनपुट एक उचलायचा आणि आउटपुट तीनला पाठवायचा. आवाज आपोआप कॉम्प्रेसरमधून फिरून पाचवर येतो. एकही तार हलत नाही. अगं, तुझ्या इंटरफेसच्या पोटातच पॅचबे आहे. आम्हाला हे तेव्हा मिळालं असतं तर माझी अर्धी कंबर वाचली असती.

मी : ते करून पाहिलंय मी. तिला ऐकवेना.

मामा : का?

मी : आवाज एकदा आकड्यांत जाऊन परत बाहेर येतो, त्याला माझ्या इंटरफेसमध्ये साधारण दीड मिलिसेकंद लागतो. तेवढं तिला चालतं, त्याची तिला सवय आहे. तू म्हणतोस तसं केलं की फेऱ्या दोन होतात. तीन मिलिसेकंद.

मामा : तीन मिलिसेकंदांत आवाज हवेतून मीटरभर जातो. कोपऱ्यात ठेवलेल्या स्पीकरचा आवाज त्याहून उशिरा येतो. तेवढ्याने कुणाचं गाणं अडलंय?

मी : स्पीकर असता तर नसतंच अडलं. पण तिच्या कानावर हेडफोन आहे, आणि स्वतःचा आवाज तिला हाडांतून आधीच पोचलेला असतो. मागून हेडफोनमधला येतो आणि दोन्ही एकमेकांवर पडतात. तीन मिलिसेकंदांच्या फरकाला १६७ हर्ट्झवर पहिला खड्डा पडतो आणि तिथून वर दर ३३३ हर्ट्झवर एकेक. एकाच फेरीत ते खड्डे निम्म्याने कमी असतात. ती काही हर्ट्झ-मिलिसेकंद बोलत नाही, मामा. ती म्हणते, "माझाच आवाज मडक्यातून आल्यासारखा वाटतोय."

मामा : मग तिला कच्चा आवाज ऐकव. कॉम्प्रेस केलेला नुसता रेकॉर्ड कर.

मी : तेही होईल. पण आवरलेला आवाज कानात असला की ती वरच्या सुरांना घसा ताणत नाही. ऐकलेल्या आवाजाप्रमाणे माणूस गातो, हे तूच मला शिकवलंस.

यावर मामा गप्प बसला. पटलं असेल असं मला वाटलं, पण तो पुढच्या हरकतीची जुळवाजुळव करत होता, आणि ती हरकत पहिलीपेक्षा वजनदार निघाली.

मामा : आता माझं ऐक. आत्ता तुझ्या कीबोर्डचा आवाज इंटरफेसपर्यंत एका तारेने जातो. दोन टोकं, दोन जागी धातूला धातू टेकतो. मध्ये पॅचबे आला की एका तारेच्या दोन तारा झाल्या. कीबोर्डपाशी एक टेकण, पॅचबेच्या पाठीला दोन, त्याच्या आत पट्टीला पट्टी लागते ते एक, आणि इंटरफेसपाशी एक. दोनाची पाच झाली. आणि आतली पट्टी सगळ्यात वाईट, कारण ती दिसत नाही आणि हलत नाही. तुझ्याकडे जूनपासून हवा कशी असते? कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. त्या हवेत न हललेल्या धातूवर जी पापुद्र्यासारखी काळी येते, तिच्यातून मोठा आवाज धक्का मारून जातो, बारीक आवाज अडतो. तानपुऱ्याचा झंकार तिथे मरतो आणि तुला वाटतं माइक बिघडला.

मी : मग तुमच्या स्टुडिओत कसं चालायचं? तोही मुंबईतच होता ना.

मामा : सोमवारी सकाळी पहिल्या सेशनच्या आधी मी एक कॉर्ड घेऊन पॅचबेपुढे उभा राहायचो. प्रत्येक भोकात तीनदा घालायची, तीनदा काढायची. एका रांगेत ४८, खाली ४८. ९६ भोकं झाली की चहा. पिना पितळेच्या, त्या काळ्या पडल्या की पॉलिशने घासायच्या. एका पावसाळ्यात मी पंधरा दिवस आजारी होतो. आलो तेव्हा व्हायोलिनच्या अख्ख्या सेक्शनचा डावा चॅनेल अधूनमधून जात होता आणि चार माणसं कन्सोल उघडून बसली होती. मी एक पिन घालून काढली, आवाज आला. असं बारकाईने पाहणारा माणूस तू घरी ठेवणार आहेस का?

मी : मीच करेन.

मामा : सगळे असंच म्हणतात.

हे मी सहज म्हटलं नव्हतं. सूर लावून बसलेल्या माणसाला वीस मिनिटं थांबवण्यापेक्षा आठवड्यातून दहा मिनिटं पिना फिरवणं मला मान्य आहे. आजही आहे.

दुसऱ्या रविवारी मी कागदावर आराखडा काढून ठेवला होता. पॅचबे म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९ इंच रुंद, पावणेदोन इंच उंच पट्टी. पुढच्या बाजूला वर २४ आणि खाली २४ भोकं, पाठीलाही तितकीच. वरच्या रांगेत आउटपुट, खालच्या रांगेत इनपुट, असा रिवाज आहे. वरचं आणि त्याच्याच खालचं मिळून एक जोडी. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ऑपरेटर बाया पिना घालून फोन जोडून द्यायच्या, ती पाव इंची पिन तीच. मुंबईत एक्स्चेंज आलं १८८२ साली, म्हणजे आपल्या शहरात रेकॉर्डिंग सुरू होण्याच्या कितीतरी आधी. पुढे गिटारपासून हेडफोनपर्यंत सगळ्यांनी ती उचलली.

जोडीचे स्वभाव तीन. पहिला थ्रू : वरचं आणि खालचं भोक एकमेकांना ओळखत नाही, कॉर्ड लावल्याशिवाय काही जोडलं जात नाही. दुसरा नॉर्मल : काही न लावता वरचा आवाज आतल्या आत खाली जातो, आणि वर किंवा खाली कुठेही पिन घातली की ती जोडणी तुटते. तिसरा हाफ-नॉर्मल : खाली पिन घातली तरच तुटते. वर घातली तर आवाज नेहमीच्या वाटेनेही जातो आणि कॉर्डमधूनही बाहेर येतो.

मी कागदावर प्रत्येक यंत्राला आपापली जोडी दिली होती. कॉम्प्रेसरचा आउटपुट वर, कॉम्प्रेसरचाच इनपुट खाली. रिव्हर्बचं तसंच. दिसायला फार नेटकं दिसत होतं.

मामा : हे हाफ-नॉर्मल ठेवलंस तर काय होईल?

मी : वरचा आवाज खाली जाईल.

मामा : म्हणजे कॉम्प्रेसरचा आउटपुट कॉम्प्रेसरच्याच इनपुटात. रिव्हर्बचा रिव्हर्बात. पहिल्याच दिवशी असा हुंकार निघेल की शेजारचे धावत येतील. अशी मांडणी करायची तर ती जोडी थ्रू हवी. तुझी मांडणी चुकीची नाही, पुष्कळ लोक तशीच करतात. ज्यांच्याकडे यंत्रं पंधरा आणि इनपुट आठ, त्यांना तीच बरी. तुझं तसं आहे का? तुला रोज काय लागतं ते आधी लिही. यंत्रांची नावं नको, रोजच्या वाटा लिही.

मग त्याने माझा कागद उलटा केला आणि पाठीवर पेन्सिलीने नवा आराखडा काढला. प्रीअँपचे दोन आउटपुट वर, त्याखाली इंटरफेसचे इनपुट एक-दोन. कीबोर्ड वर, खाली इनपुट तीन-चार. कॉम्प्रेसरचे आउटपुट वर, खाली पाच-सहा. रिव्हर्बचे वर, खाली सात-आठ. पुढच्या जोड्यांत इंटरफेसचे आउटपुट वर आले : तीन-चारच्या खाली कॉम्प्रेसरचे इनपुट, पाच-सहाच्या खाली रिव्हर्बचे, सात-आठच्या खाली हेडफोन अँपचे. पंधरा आणि सोळाच्या वरच्या भोकांत तानपुरा आणि तबला, खाली काही नाही. इंटरफेसचे आउटपुट एक-दोन त्याने घेतलेच नाहीत. "ते तुझ्या ऐकायच्या स्पीकरचे. ते सरळ जाऊ दे. चुकून तिथे पिन घातलीस तर कान जातील आणि स्पीकरही."

मी मोजलं. पाठीमागे ३० तारा, १८ भोकं रिकामी.

मामा : आता सांग, तुझी ती गायिका आली. कॉम्प्रेसर लावायचाय. कुठली पिन कुठे?

मी : एक नंबरच्या वरच्या भोकातून, प्रीअँपच्या आउटपुटातून, नऊच्या खालच्या भोकात. तिथे कॉम्प्रेसरचा इनपुट आहे. मग पाचच्या वरून एकच्या खाली...

मामा : थांब. दुसरी कॉर्ड कशाला? पाचच्या वरून आवाज कुठे जातोय आत्ता?

मी थांबले. पाचच्या वर कॉम्प्रेसरचा आउटपुट, आणि तो काही न करता इनपुट पाचमध्ये जातच होता. एकच्या वर पिन घातल्याने काही तुटलं नव्हतं, म्हणून प्रीअँपचा कच्चा आवाज इनपुट एकमध्येही जात होता. म्हणजे एकाच कॉर्डने एका ट्रॅकवर तिचा आवाज जसाच्या तसा आणि दुसऱ्यावर कॉम्प्रेसरमधून आलेला. टेक झाल्यावर कॉम्प्रेसर जास्त लागला असं वाटलं, तर कच्चा हाताशी असणार होता. मी पेन्सिल घेऊन ती वाट तीनदा गिरवली. वीस मिनिटं टेबलाखाली रांगून जे केलं होतं ते, आणि त्याहून थोडं जास्त, दोन भोकांत होत होतं.

मी : एका आउटपुटावर दोघांचा भार पडला की आवाज खाली येत नाही?

मामा : प्रीअँपचा आउटपुट दणकट असतो आणि इनपुट फार थोडं खातात. दोन इनपुटांना सहज पुरतो, फरक कानाला कळणार नाही. उलटं मात्र कधी करू नकोस. दोन आउटपुट एकाच इनपुटात घुसवायचे नाहीत. ते एकमेकांच्या अंगावर जातात. त्याला मिक्सर लागतो.

यानंतर मी माइकचा विषय काढला. माझ्या मनात माइकच्या ताराही पॅचबेवर आणायच्या होत्या, म्हणजे कुठलाही माइक कुठल्याही प्रीअँपला. इथे मामाने ऐकूनच घेतलं नाही, आणि आता मला त्याचं कारण पूर्ण पटलेलं आहे. कन्डेन्सर माइकला त्याच तारेतून ४८ व्होल्टची फँटम पॉवर जाते. एक्सएलआरच्या तिन्ही पिना सरळ आपापल्या घरात बसतात. पाव इंची पिनेचं तसं नाही. टिप, रिंग, स्लीव्ह हे तिन्ही भाग एकामागे एक असतात, त्यामुळे आत सरकताना टिप आधी दुसऱ्याच्या पट्टीला घासून पुढे जाते. क्षणभर एक बाजू शॉर्ट होते, दुसरीवर व्होल्टेज असतंच, आणि तो धक्का प्रीअँपच्या नाजूक टोकाला आणि रिबन माइक असेल तर त्याच्या रिबनला बसतो. फँटम बंद करून मगच पिन लावायची, अशी शिस्त पाळणारे स्टुडिओ आहेत. मामाचं म्हणणं, रात्री अकरा वाजता दमलेल्या माणसाच्या शिस्तीवर माइक सोडायचा नाही. माइक थेट प्रीअँपला, पॅचबे प्रीअँपच्या पुढे.

मग कुठला घ्यायचा? मी तीन पाहून ठेवले होते. बेहरिंजरचा पीएक्स ३०००, ज्यात प्रत्येक जोडीसाठी वरच्या पत्र्यावर तीन स्वभावांचा खटका आहे. सॅमसनचा एस-पॅच प्लस, ज्यात तोच खटका पुढच्या बाजूला आहे. आणि न्यूट्रिकचा एनवायएस-एसपीपी-एल१, ज्यात खटका नाहीच. प्रत्येक जोडी एका छोट्या कार्डावर बसवलेली आहे आणि स्वभाव बदलायचा तर कार्ड काढून उलटं घालायचं. तिन्ही ४८ भोकांचे, तिन्ही बॅलन्स्ड. माझा ओढा सॅमसनकडे होता.

मी : पुढे खटका म्हणजे हवं तेव्हा हवं ते. पीएक्स ३००० चा बदलायचा तर रॅकमधून बाहेर ओढावा लागेल.

मामा : हवं तेव्हा म्हणजे कधी? हा कागद बघ. यात थ्रू किती आहेत?

मी : एकही नाही.

मामा : पूर्ण नॉर्मल?

मी : एकही नाही. सगळे हाफ-नॉर्मल.

मामा : तानपुऱ्याखाली काही जोडलेलंच नाही, तिथे स्वभाव कुठलाही असला तरी सारखाच. मग २४ खटके तुला कशाला? खटका म्हणजे आणखी एक सरकतं टेकण, मघाची काळी धरायला आणखी एक जागा. आणि पुढे असला की कुणाचं तरी बोट लागणार. माझं पोरगं रेडिओचं बटण फिरवायचं तसं तुझ्याकडे कुणीतरी फिरवणार.

मी : पण उद्या माझा पसारा वाढला, मांडणी बदलली तर? दर सहा महिन्यांनी मी कार्डं काढत बसू?

मामा : दर सहा महिन्यांनी मांडणी बदलणाऱ्याने खटक्याचाच घ्यावा. मी नाही म्हणत नाही. तुझ्यासारख्या, जिचं काम ठरलेलं आहे, तिला खटक्यांचे पैसे तारांत घालता येतील.

इथे माझं मत मामाहून थोडं निराळं आहे आणि ते मी सोडलेलं नाही. ज्या घरी दर आठवड्याला वेगळा बँड, वेगळी वाद्यं येतात, सिंथ आणि पेडलची ये-जा चालू असते, तिथे पुढचा खटका ही खरीच मोठी सोय आहे, आणि स्प्रे मारून वर्षातून दोनदा तो साफ करता येतो. पण माझ्या कागदावर एकाही खटक्याला काम नव्हतं, आणि हे मला कागद काढेपर्यंत माहीत नव्हतं. आधी दुकानात गेले असते तर खटके मोजून पैसे दिले असते.

एक मोह मात्र मामानेच मोडून काढला. एका बंद पडलेल्या स्टुडिओचा ९६ भोकांचा, बारीक ४.४ मिलिमीटर पिनेचा, टीटी जातीचा पॅचबे स्वस्तात मिळत होता. कधीकाळी फार किमती असलेली वस्तू. "पाठीला भोकं नाहीत त्याच्या," मामा म्हणाला. "नुसते टांगे. ९६ गुणिले तीन म्हणजे २८८ जागी डाग द्यायचा, आणि त्या बारीक कॉर्ड एकेक घेताना तुला कळेल स्वस्त काय ते." जुन्या पाव इंची पॅचबेबद्दलही त्याने बजावलं : ब्रिटिश पोस्टाच्या जातीच्या पिनेचं टोक बारीक असतं, साध्या जॅकमध्ये ती सैल बसते आणि साधी पिन त्या जॅकच्या पट्ट्या फाकवते. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात.

तिसऱ्या रविवारची खरेदी शनिवारीच झाली, कारण लॅमिंग्टन रोड रविवारी बंद. मामाने खिशात मल्टीमीटर आणि दोन कॉर्ड घेतल्या. आधी वाद्यांच्या दुकानात पॅचबे उघडून घेतला. मीटर बीपवर लावून एक टोक पाठीच्या वरच्या भोकात, दुसरं पाठीच्या खालच्या भोकात. बीप. पुढे वर पिन घातली, बीप चालूच. पुढे खाली घातली, बीप थांबली. काढली, परत बीप. चोवीसही जोड्या. मग शेजारशेजारच्या जोड्यांचे स्लीव्ह एकमेकांना जोडलेले आहेत का ते पाहिलं, कारण काही पॅचबेत ते आतून एक असतात आणि मग एका यंत्राचा अर्थ दुसऱ्याच्या अर्थला पाठीमागून जाऊन मिळतो. यात वेगळे होते. दुकानदार आधी घड्याळ पाहत होता, नंतर काउंटरवर कोपर टेकून स्वतः जोड्या मोजायला लागला.

आम्ही कार्डांचाच घेतला. मग तारा. ३० तारा, ६० टोकं, टोकाला तीन डाग, म्हणजे १८० च्या घरात. तयार तारा घेतल्या असत्या तर त्यांचे पैसे पॅचबेच्या वर गेले असते; केबलचं रीळ आणि सुट्या पिना घेऊनही ते जवळपास पॅचबेइतके झालेच. स्वस्त पॅचबे म्हणताना ही रक्कम कुणी धरत नाही. लांबी मामाने सुतळीने मोजली. प्रत्येक यंत्रापासून रॅकच्या पाठीपर्यंत सुतळी न्यायची, वर हातभर जास्त सोडायची, म्हणजे पॅचबे पुढे ओढला तर तारा ताणत नाहीत. ३० तारांचं ओझं पाठीच्या भोकांवर लोंबू नये म्हणून मागे एक आडवी पट्टी ठोकली आणि तारा तिला बांधल्या. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना कागदी टेपवर नंबर. डाग मी दिले, मामा प्रत्येक तार ओढून पाहत होता. पहिल्या आठांपैकी तीन त्याने परत दिल्या.

रविवारी रात्री नऊला सगळं जोडून झालं. काही न लावता सगळं आपापल्या जागी वाजलं. मग एकच्या वर आणि नऊच्या खाली कॉर्ड घातली, मी माइकपुढे एक आलाप घेतला, आणि स्क्रीनवर दोन ट्रॅक हलले.

मग तानपुरा. पंधराच्या वरून कॉर्ड घेऊन इनपुट तीनमध्ये घातली, पांढरी पाच लावली, आणि खर्जाखाली काहीतरी संथ डुलायला लागलं. हम. आपल्या विजेची फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झ, तिची दुप्पट १००. पांढरी पाचची खर्जाची तार ९८ ला लागते. दोघांत दोन हर्ट्झचा फरक, म्हणून सेकंदाला दोन लाटा. काळी चारमध्ये गाणारी असती तर कदाचित महिनाभर लक्षातही आलं नसतं; हिच्या षड्जाला ही लाट नेमकी चिकटून होती.

मामा : झालं. पॅचबे आला, हम आला.

मी : थांब. आधी बघू तरी.

पेटीचा अॅडॅप्टर काढला आणि आत सेल घातले. लाटा गेल्या. तार तीच, भोक तेच, पॅचबे तोच. अॅडॅप्टर लावला, परत आल्या. पेटीचा आउटपुट बॅलन्स्ड नाही, त्यामुळे अॅडॅप्टरमधून जे झिरपतं ते शील्डवरून थेट आवाजात शिरतं. मामाने दोन-तीनदा उलटसुलट करून पाहिलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि पंधरा नंबरच्या टेपवर पेन्सिलीने बारीक खूण केली.

मामा : दोष पॅचबेचा नाही.

मी : मला तेच म्हणायचं होतं.

मामा : तोवर सेलवर वाजव. घरी एक ट्रान्सफॉर्मर पडलाय, एकास एकचा. पुढच्या रविवारी आणतो, पेटी आणि पॅचबेच्या मध्ये घालू. आणि उद्या सोमवार आहे. सकाळी पिना फिरव.